हॉर्नवाल्यांच्या घरची दचकी

आमच्या सासऱ्यांचा हॉर्नचा धंदा आहे. खाली दुकान, वर घर. मोटारीचे, ट्रकचे, स्कूटरचे हॉर्न, घोगरे झालेले, पाणी शिरलेले, मुके झालेले, लोक आणून टाकतात. घरचे पुरुष ते उघडतात, आतली पत्र्याची चकती घासतात, मागचा स्क्रू पिळतात, तारा बदलतात आणि वाजवून बघतात. काउंटरवर एक जाड फळी ठोकलेली आहे, तिला बॅटरी जोडलेली, बटण बसवलेलं. हॉर्न फळीवर अडकवायचा आणि बटण दाबून पूर्ण ताकदीने वाजवायचा. वाजवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. बाजारात त्यांना उस्ताद म्हणतात, आणि त्यांना ते खरंच वाटतं.

घरात चहा पिताना, भांडी घासताना, आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवताना खालून हॉर्न वाजत असतो. सवय होते म्हणतात. मला झाली नाही. मी नुसतं दात आवळायला शिकले आणि शेजारच्या गल्लीत सीट कव्हर शिवायचं माझं मशीन टाकलं, म्हणजे दिवसभर तरी सुटका.

या घरात एक सलामी नावाचा प्रकार आहे. नवीन माणूस घरात आलं की त्याला गोड बोलून फळीपाशी न्यायचं, काहीतरी दाखवायच्या निमित्ताने वाकायला लावायचं, आणि मागून ट्रकचा हवेवरचा मोठा हॉर्न सोडायचा. माणूस जागच्या जागी उडतं, सगळे पोट धरून हसतात आणि सासरे पाठीवर थाप मारून म्हणतात, आता हा आपला. जावई, सुना, व्याही, कुणाला सोडलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही दिली. माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. त्यानंतर मला कुणी त्रास दिला नाही. मी फटकळ ठरले, आणि या घरात फटकळ असणं हाच काय तो विमा.

धाकटी तशी नव्हती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती विजेच्या मोटारी आणि पंखे रिवाइंडिंग करणाऱ्या कारखान्यात तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या करायची. माझा दीर हॉर्नच्या गुंडाळ्या करून घ्यायला तिथे जायचा आणि गरज नसताना जास्तच गुंडाळ्या करून घ्यायला लागला, तेव्हाच आम्ही ओळखलं. किडकिडीत, हसरी, आणि नकला करण्यात पटाईत. कुठल्याही हॉर्नचा आवाज ती तोंडाने काढायची. सासऱ्यांच्या खोकल्याचीही नक्कल करायची, पण ती फक्त माझ्यापुरती. तिला माहेर म्हणून एक मावशी होती. आई लहानपणीच गेलेली, वडील दूर कुठेतरी, तेही पुढे वारले.

तिला सलामी दिली तेव्हा मी जिन्यावर उभी होते. हॉर्न वाजला. धाकटी वळली, हसली, आणि हातातली वस्तू सुटून पडावी तशी खाली गेली. लगेच शुद्धीवर आली. तोवर सगळे हसत होते. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. इतकी वर्षं सलाम्या दिल्या, पण चक्कर येऊन पडणारी पहिलीच, असं ते गिऱ्हाइकांना सांगत सुटले. त्याच दिवशी तिचं नाव दचकी पडलं. तीही हसली, कारण नव्या सुनेला दुसरं काय करता येतं. मी सासऱ्यांना म्हटलं की तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते, हे हसण्यावारी नेऊ नका. ते म्हणाले, तुला जरा जास्तच दिसतं.

नंतर वर स्वयंपाकघरात तिने मला सांगितलं की हे पहिल्यांदा नव्हतं. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा डोक्यावर वाजली आणि ती पायरीवरून गडगडली होती. मावशीने घरी आणून आधी थोबाडीत दिली आणि मग शिकवलं, की कुणी विचारलं तर सकाळपासून उपाशी होते म्हणायचं. चक्कर हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मला तेव्हाच तिडीक गेली डोक्यात. पोर पडली आणि बाईला पहिली काळजी कसली, तर लोकांना सांगायचं काय याची.

मग धाकटीला दिवस राहिले, आणि नवल म्हणजे ती ठणठणीत झाली. खालून हॉर्न वाजले तरी काही नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की आमच्या घरचं पाणीच असं आहे. दवाखान्यात तपासणीला मी आणि सासूबाई दोघी बरोबर गेलो होतो. नर्सने विचारलं, घरात कुणाला हृदयाचा आजार, फिट्स, कुणी तरुणपणी अचानक गेलंय? धाकटीने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, काही नाही, सगळं चांगलं आहे. जणू नर्स विहीण होती आणि सोयरीक मोडायला आली होती. मी धाकटीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मुलगी झाली. बाळंतपण सुखाचं झालं. खरी किळस पुढे आहे.

या घरात बाळाला सलामी द्यायचीही पद्धत आहे. आई बाळाला घेऊन पहिल्यांदा दुकानात उतरते तेव्हा. माझ्या मुलाच्या वेळी मी दुकानात उतरलेच नाही, मागच्या जिन्याने ये-जा केली, पण धाकटीला बोलावलं आणि ती गेली. तिने फक्त एवढं म्हटलं की बाळाला नको. सासरे म्हणाले, बाळाला नाही गं, तुलाच देतो, तुझी मागची अर्धवट राहिली होती. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांनाही गंमत हवीच होती.

मी मशीनवरून जेवायला आले होते म्हणून तिथे होते. हॉर्न वाजला, तिच्या हातांची पकड सैल झालेली मला दिसली आणि मी बाळ धरलं. धाकटी पडली, आणि या वेळी तिचं अंग झटके द्यायला लागलं. तोंडाला फेस आला. तरी एक-दोन जण हसत होते, कारण हसणं एकदा सुरू झालं की माणसाला बंद करायची अक्कल लागते. मग तिच्या खालून फरशीवर ओल पसरली आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. काळजीने नाही. नाकं मुरडली. एका गिऱ्हाइकाने आपली पिशवी उचलून दुसरीकडे ठेवली. धाकटी भानावर आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या पुढ्यात फडकं टाकलं. जिला उठून बसता येत नव्हतं तिने ती फरशी पुसायची. मी बाळ दिराच्या हातात कोंबलं, फडकं उचललं आणि पुसलं. दीर मूग गिळून उभा होता. त्याच्याकडे बघून मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या ओल्या फरशीची आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला फिट्सच्या डॉक्टरकडे नेलं. नेणारे सासरे, सांगणारे सासरे. त्यांनी सांगितलं की मुलीला लहानपणापासून फिट येतात, माहेरच्यांनी लपवून आमच्या गळ्यात मारली. हॉर्नचा उल्लेख नाही. डॉक्टरने ऐकलं तसं लिहून दिलं. त्या गोळ्यांनी धाकटी दिवसभर पेंगायला लागली, बाळाला पाजता पाजता तिचे डोळे मिटायचे.

आणि तेवढ्यावर उस्तादांचं समाधान झालं नाही. त्यांनी ठरवलं की हिला सवय लावायची. दुपारी गर्दी नसली की तिला फळीसमोर स्टुलावर बसवायचं, आधी स्कूटरचा छोटा हॉर्न, मग मोटारीचा, मग ट्रकचा. त्यांना वाटायचं भीती म्हणजे गंज आहे, घासली की जाते. धाकटी बसायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ताई, माझंच काहीतरी कमी आहे, झालं बरं तर झालं. मी एकदा अचानक दुकानात आले तर ती स्टुलावर डोळे घट्ट मिटून, मांडीवर मुठी आवळून बसलेली, आणि सासरे बटणावर बोट ठेवून तिला गोंधळात टाकायला मुद्दाम थांबलेले. मी बॅटरीचा चिमटा उपटला आणि रस्त्यावर फेकला. सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला, जो मला सुखाचा गेला. पण मला दिवसभर मशीनवर बसावं लागे, आणि माझ्या पाठीमागे स्टूल पुन्हा मांडलं जायचं, हे मला नंतर कळलं.

तिला शेवटी पाडलं ते हॉर्नने नाही, फोनने. वरच्या खोलीत बाळाला झोपवून तिचाही डोळा लागला होता. उशाशी फोन होता. तो वाजला. धाकटी दचकून उठली, उभी राहिली आणि कोसळली. मी नेमकी घरी होते; सासूबाईंची हाक ऐकून धावत आले तेव्हा ती निळी पडली होती आणि श्वास चालत नव्हता. मी तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिले, बरोबर की चूक मला माहीत नव्हतं. मग तिने एक लांब श्वास ओढला. खाली एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती. दिराने पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी केलं, तिला उचलून गाडीत घातलं. मी ड्रायव्हरला बजावलं की हॉर्न न वाजवता चालव. कशासाठी ते मला नीट सांगता आलं नसतं, पण आवाजच तिला पाडतो याची आता मला खात्री झाली होती. बिचारा खिडकीतून हात काढून लोकांना बाजूला हो म्हणत गेला.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने धाकटीच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती तिने टेबलावर पसरून फूटपट्टीने मोजली आणि पुन्हा मोजली. तेवढ्यात नर्स उलटीवरचं इंजेक्शन देणार होती, तर डॉक्टरीण मान वर न करताच म्हणाली, ते नको, थांबा. मग तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं पट्टीवर वाकले. मग ती आमच्याकडे आली आणि खुर्ची ओढून बसली.

तिने सांगितलं ते असं. या फिट्स नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्याची विजेची तयारी करायला थोडा वेळ लागतो. धाकटीच्या हृदयाला तो जास्त लागतो. याला लाँग क्यूटी म्हणतात. तेवढ्यात अचानक मोठा आवाज कानावर पडला तर ठोके भरकटतात, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतं. बहुतेक वेळा ठोके आपोआप रुळावर येतात. एखाद्या वेळी येत नाहीत. पोटात मूल असताना हृदय जोरात चालतं म्हणून हे झाकलं जातं, पण बाळंतपणानंतरचे महिने या बायकांना सगळ्यात धोक्याचे, त्यात झोप मोडलेली. आणि हे रक्तातून येतं.

मग तिने तोच प्रश्न विचारला जो नर्सने विचारला होता. या वेळी सासूबाई नव्हत्या.

धाकटीने चादरीचं टोक चुरगळलं. मग म्हणाली, "माझ्या आईने स्वतःला संपवलं. विष घेतलं."

डॉक्टरीण म्हणाली की वाईट झालं, आणि विचारलं, तू तेव्हा केवढी होतीस, तुला काही आठवतं का. धाकटीला धाकटा भाऊ झाला होता, तो पाळण्यात होता. ती स्वतः शाळेत जायला लागली होती. सकाळ होती. गजराचं घड्याळ वाजलं, आई उठली आणि पडली, आणि घड्याळ वाजतच राहिलं, कुणी बंद केलं नाही. तिला सगळ्यात जास्त ते घड्याळ आठवतं. मोठी माणसं आली, रडली, आणि घड्याळ वाजतच होतं.

डॉक्टरीणीने गजर, पडणं आणि पाळण्यातलं बाळ, सगळं लिहून घेतलं. तिने मला बाहेर बोलावून सांगितलं की आईच्या माहेरच्या बायकांची माहिती काढा, कोण कशाने गेलं, कोण पडायचं. इतरांचेही जीव वाचू शकतात. धाकटीला काही दिवस ठेवून घेतलं, रोजची गोळी सुरू केली, फिट्सच्या गोळ्या बंद केल्या, फोन मुका करायला सांगितला. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बाळाला पाजलं तरी चालतं, आणि कुठलंही दुसरं औषध घ्यायच्या आधी विचारायचं, कारण त्या उलटीवरच्या इंजेक्शनसारखी साधी औषधंही अशा हृदयाला घातक ठरतात. गोळीवर असूनही पुन्हा पडली तर छातीत एक यंत्र बसवावं लागेल.

घरी सोडल्यावर मी तिला सासरी नेलंच नाही. माझ्या मशीनच्या मागे एक खोली होती, कापडाचे गठ्ठे हलवून तिथे तिला आणि बाळाला ठेवलं. दीर रात्री तिथे झोपायला यायला लागला. सासूबाई तिथे येऊन सांगून गेल्या की गोळी दुधात उतरते, बंद कर, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत. धाकटीने त्यांच्या समोर गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मी तिला दारू पाजली.

मग आम्ही दोघी मावशीकडे गेलो. मावशी म्हणजे धाकटीच्या आईची थोरली बहीण, जिने तिला वाढवलं. नीटनेटकं घर, सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण. आतल्या खोलीत मावशीची लेक झोपली होती, पहिलटकरीण, सातवा महिना, आराम करायला आईकडे आलेली. मावशीने आम्हाला बसवलं आणि आवाज खाली ठेवा म्हणाली.

धाकटीने गोल-गोल न बोलता विचारलं. आई कशी गेली. मावशी आधी रडली. मग म्हणाली जुनं उकरून काय मिळतं. मग बाळाला हात लावायला गेली, तर धाकटीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, मावशी, मी घरची नाही, मला लाज नाही, मी इथे संध्याकाळपर्यंत बसू शकते. शेवटी तिने सांगितलं.

त्यांच्या घरात बायका पडायच्या. आजी पडायची. मावशी स्वतः दोन्ही बाळंतपणांनंतर पडली, एकदा दाराची घंटा वाजून. आजीची एक बहीण बाळ सव्वा महिन्याचं असताना झोपेत गेली. घरच्यांना माहीत होतं की हे रक्तात आहे, नाव माहीत नव्हतं एवढंच. आणि धाकटीची आई गेली तेव्हा मावशीच्या दोन मुली लहान होत्या, पुढे त्यांची लग्नं व्हायची होती. आजार म्हटला असता तर तो मुलींच्या कपाळावर बसला असता. विष म्हटलं की तो सासरचा दोष. घरात उंदराचं औषध असतंच, ते फडताळात होतं. मावशीने कुणाला काही सांगितलं नाही, पोलिसांत गेली नाही, तिने फक्त येणाऱ्या बायकांसमोर त्या फडताळाकडे बघितलं आणि रडली. बाकीचं बायकांनी केलं.

 लोक म्हणायला लागले, नवऱ्याने छळलं म्हणून तिने जीव दिला. नवरा गाव सोडून गेला, तान्हं पोर बरोबर घेऊन. धाकटी मावशीकडे राहिली आणि आईला मारणारा बाप म्हणून त्या माणसाचं तोंड बघायला नाही म्हणत मोठी झाली. तो दर वर्षी तिला शाळेचे बूट पाठवायचा. तिने कधी घातले नाहीत, मावशीच्या मुली घालायच्या. तो आजारी पडला तेव्हा भावाने निरोप धाडला होता, ती गेली नाही.

धाकटी ओरडली नाही. तिने विचारलं, "हिला सांगितलंस का?" आणि आतल्या खोलीकडे मान हलवली.

मावशी म्हणाली, "बाळंतपण होऊ दे सुखरूप. मग बघू. तिच्या सासरी कळलं तर तिला घरात ठेवतील का?"

एवढं सगळं सांगून झाल्यावर. स्वतः पडून उठलेली, बहीण गमावलेली, भाची वाढवलेली बाई, आणि अजून हिचं घोडं तिथेच. आतमध्ये हिची पोटची पोर झोपली होती आणि हिला तिच्या सासूची भीती वाटत होती. मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे, पण एवढी स्वच्छ, प्लॅस्टिकच्या आवरणाखालची घाण बघितली नव्हती.

धाकटी उठली आणि आत गेली. मावशी तिला अडवायला उठली तर मी दारात उभी राहिले. मी अंगाने भरलेली आहे, दार पुरतं. आतून धाकटीचा आवाज येत होता, एकाच पट्टीत, घाई नाही. मावसबहिणीच्या उशाशी गजराचं घड्याळ होतं. ते तिने बाहेर येताना हातात आणलं आणि मावशीच्या मांडीवर ठेवलं. बहिणीची तपासणी झाली. तिलाही आहे. तिची गोळी सुरू झाली, आणि तिच्या सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं नाही. तिची सासू स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेली. मावशीने मात्र आमच्याशी संबंध तोडले.

राहिलं बाळ. तिच्यात हा दोष उतरण्याची शक्यता अर्धी-अर्धी, असं डॉक्टरीण म्हणाली होती. धाकटी रोज म्हणायची की नसेल, नाक तर बापाचं आहे. धाकटी, दीर आणि मी बाळाला घेऊन गेलो. एवढ्याशा छातीवर त्या तारा चिकटवायला जागा पुरेना. डॉक्टरीणीने पट्टी मोजली आणि धाकटीकडे बघितलं, आणि धाकटीला कळलं. औषध थेंबांनी द्यायचं होतं. काळजी घेतली तर ही मोठी होईल, शिकेल, सगळं करेल, पण काळजी आयुष्यभराची, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. शेवटचं वाक्य डॉक्टरीणीने दोनदा म्हटलं.

परत येताना धाकटी म्हणाली, आधी दुकानात जाऊ, आजोबांना सांगू. दीर पुढे पळत गेला आणि त्याने बॅटरीचा चिमटा काढून खिशात घातला. आम्ही पोचलो तेव्हा दुकानात चांगली गर्दी होती. ट्रकवाले, दोन-तीन टॅक्सीवाले, समोरचा पंक्चरवाला, आणि माल बघायला आलेला एक व्यापारी. धाकटी पायरीवर उभी राहिली, आत गेली नाही. सासरे काउंटरवरून उठून तिच्याजवळ आले. तिने हळू आवाजात सांगितलं की बाळालाही आहे.

सासऱ्यांनी आधी मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं का ते. मग पुटपुटले, "बरं, आता हे बाहेर बोलू नका. मुलीची जात आहे. कुणी विचारलं तर सर्दी झाली होती म्हणून नेली होती म्हणायचं."

मला मावशी आठवली. तेच डोळे, तोच दबलेला आवाज. मी काहीतरी जहाल बोलणार होते, पण मला बोलायची वेळ आली नाही. धाकटी सासऱ्यांना वळसा घालून एक पायरी वर चढली. तिने बाळाचं तोंड लोकांकडे केलं. मी तिला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, नकला सोडून.

"माझ्या मुलीच्या हृदयात दोष आहे," ती म्हणाली. "अचानक मोठा आवाज झाला तर ती पडेल, आणि कदाचित उठणार नाही. तो तिला माझ्याकडून आला. मला माझ्या आईकडून आला. माझ्या आईने विष घेतलं नव्हतं. माझ्या बापाने तिला मारलं नव्हतं. ती मला टाकून गेली नव्हती. घड्याळ वाजलं आणि ती पडली."

 गर्दीतल्या एकाने, मला वाटतं तो बाळाच्या सलामीच्या दिवशी पिशवी उचलून बाजूला ठेवणाराच होता, खाली बघितलं. एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याच्या हातात दुरुस्त झालेला हॉर्न होता. त्याने तो अलगद काउंटरवर ठेवला, जणू तो आपोआप वाजेल, आणि विचारलं की मग हा कुठे वाजवून बघू. दीर म्हणाला, मैदानाच्या पलीकडे जाऊ, मी येतो बरोबर. त्याने खिशातला चिमटा चाचपला आणि तो बापासमोर खाली उतरला. एवढंसं धाडस, आणि ते यायला एक बाई निळी पडावी लागली.

सासरे लाल झाले होते. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले की घरातल्या घरात सांगितलं असतंस, एवढं लोकांसमोर बोलायची काय गरज होती.

धाकटीने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"माझ्या आईबद्दल सगळे लोकांसमोरच बोलले," ती म्हणाली. मग बाळाला खांद्यावर घेऊन पायरी उतरली, आणि आम्ही माझ्या मशीनच्या खोलीकडे निघालो, कारण बाळाच्या थेंबांची वेळ झाली होती.